याला मत देऊ नका

माझी मावशी खेळत बसते आणि लोक बघत बसतात. तिच्या कामाचं वर्णन माझे आजोबा एवढ्याच शब्दांत करतात, आणि त्यात चूक काही नाही. फक्त ती कशी खेळते हे त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

मावशी व्हिडिओ गेम खेळते, खेळताना बोलते आणि ते सगळं रेकॉर्ड करून चॅनेलवर टाकते. चॅनेलचं नाव 'सावकाश'. बाकीचे लोक जो गेम दहा तासांत उडवतात त्याला तिला पन्नास लागतात. पळण्याचं बटण दाबताना तिला कोणी पाहिलेलं नाही. समोर राक्षस उभा असला तरी ती आधी त्याच्या मागच्या भिंतीवरचं कोरीवकाम बघते. "आधी बघू, मग हात लावू," हे तिचं ठरलेलं वाक्य. तेवढ्यात राक्षस तिला मारून टाकतो. "मारलं. बरोबर आहे त्याचं, न विचारता घरात शिरलो आपण," असं म्हणून ती पुन्हा पहिल्या पायरीपासून चालायला लागते.

आणि ती काही कापत नाही. शिंक आली, फोन वाजला, काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, दारातून डोकं घालून "दूध आणायचंय का?" विचारलं, तरी सगळं तसंच व्हिडिओत राहतं. एकदा मी बाहेरून "मावशी, दार उघड गं, हात भरलेत माझे," असं ओरडले, तेही राहिलं. त्या दिवसापर्यंत ती माझी एकटीची मावशी होती, मग हजारो लोकांची झाली. पासष्ट वर्षांचे गृहस्थसुद्धा तिला मावशी म्हणतात. ती स्वतः सत्तेचाळीसची आहे.

याआधी सतरा वर्षं ती चष्म्याच्या कारखान्यात होती. तिच्या टेबलावर दिवसाला चाळीस-पन्नास ट्रे यायचे. प्रत्येक ट्रेमध्ये एक फ्रेम, दोन गोल काचा आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर उजव्या डोळ्याचा नंबर, डाव्या डोळ्याचा नंबर. काचेची कड फिरत्या चाकावर घासून फ्रेमच्या आकाराची करायची, फ्रेममध्ये बसवायची, बोट फिरवून बघायची आणि ट्रे पुढे सरकवायचा. मग कारखान्यात हेच काम करणारं यंत्र आलं. मालकाने तिला यंत्रावर राहायला सांगितलं.

"म्हणजे मी त्याला काचा भरवायच्या?" मावशीने विचारलं.

"पगार तोच राहील तुमचा."

"मग मी मांजर पाळते. भरवलं तर ते निदान मांडीवर येऊन तरी बसेल."

मांजर काही तिने पाळलं नाही. घरातली मागची खोली रिकामी केली आणि कॅमेरा लावला. काका लिफ्ट दुरुस्त करतात. सामान चढवताना लिफ्टला ओरखडे पडू नयेत म्हणून आतून लावतात त्या जाड गाद्यांचा एक जुना संच त्यांना मिळाला होता. तो त्यांनी खोलीच्या चारी भिंतींना टांगला. आवाज बाहेर जात नाही, बाहेरचा आत येत नाही. एका गादीवर 'फक्त सहा माणसे' अशी पट्टी अजून चिकटलेली आहे. मावशी त्या पट्टीखाली बसते.

तिच्या पाठीराख्यांशी तिचा एक करार आहे. जे लोक दरमहा थोडी वर्गणी देतात, ते तिचा पुढचा गेम मतदानाने निवडतात. "तुम्ही निवडायचं, मी संपवायचं." या वाक्यावर तिचं चॅनेल उभं आहे, आणि लोकांनी ते वाक्य तपासून पाहिलेलं आहे. तिसऱ्या वेळी त्यांनी मुद्दाम बर्फ काढणाऱ्या गाडीचा गेम निवडला. त्यात दोनशे बारा रस्ते होते आणि प्रत्येक रस्त्यावर बर्फ. पहिले तीन दिवस मजा, पुढे नुसती सक्तमजुरी. एकशे नव्वदाव्या रस्त्याला तिचा घसा बसला. तिने काय केलं, तर दोन दिवस कागदावर वाक्यं लिहून कॅमेऱ्यासमोर धरली. 'डावीकडचा ढीग आधी.' 'ही गाडी कालपासून इथेच आहे.' दोनशे बारावा रस्ता साफ झाला तेव्हा बघणाऱ्यांची संख्या पहिल्या दिवसाच्या तिप्पट होती. तिथून पुढे तिच्या शब्दाबद्दल कोणी शंका घेतली नाही.

मतदानाचे नियमही तिचेच. सोमवार ते गुरुवार. त्या चार दिवसांत चॅनेलवरचा संवाद पूर्ण बंद, कारण प्रचार तिला चालत नाही. ती स्वतः आकडे बघत नाही. घरातही कोणी त्या विषयावर अवाक्षर काढायचं नाही. गुरुवारी चार वाजता ती लाइव्ह येते आणि निकाल पाठीराख्यांबरोबरच पहिल्यांदा बघते.

यावेळचं मतदान सातवं होतं. गेम तीन होते. 'राखेचं राज्य' हा नुकताच आलेला भव्य गेम, ज्याची ती दोन वर्षं वाट बघत होती. 'बंदर क्रमांक नऊ', ज्यात क्रेन चालवायच्या. आणि 'मुळं', एका झाडाखाली घडणारं कोडं. निकाल काय लागणार याबद्दल तिला शंका नव्हती. तिने 'राखेचं राज्य'साठी नवीन खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती.

मतदानाचा जुना फॉर्म बंद पडला होता, म्हणून सोमवारी सकाळी तिने नवीन बनवायला घेतला. त्यात चित्र नीट दिसतं का हे बघायला तिने आधी एक खोटी ओळ टाकली: 'चाचणी. याला मत देऊ नका.' शेजारी फोल्डरमधलं पहिलं हाताला लागलं ते चित्र जोडलं. चित्र दिसलं. मग तिने खरे तीन गेम भरले, चाचणीची ओळ लपवली आणि फॉर्म सोडून दिला.

आमच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या, धंद्यातल्या प्रत्येकाने अशी ओळ कुठे ना कुठे विसरलेली असते. मी स्वतः एकदा 'अबक अबक' नावाच्या गिऱ्हाइकाला खरोखरीचं पत्र धाडलं होतं. मावशी विसरली नव्हती, पण तिचं बटण चुकलं. त्या बटणाने ओळ लपली ती फक्त तिच्यापुरती. बाकी सगळ्यांना चारही दिसत होत्या.

आणि ते चित्र साधं नव्हतं. एक लाकडी टेबल, त्यावर अर्धा चष्मा, टेबलापलीकडे खुर्चीत बसलेला एक म्हातारा माणूस, आणि त्या माणसाला चेहरा नाही. मागच्या खिडकीतला रस्ता धूसर.

तो मावशीचा स्वतःचा गेम होता. कारखाना सोडल्यापासून ती तो फावल्या वेळात बनवत होती. शिकवणीचे व्हिडिओ बघून, पुस्तकं वाचून, माझ्या डोक्याला भुंगा लावून. गिऱ्हाईक येतं, त्याला जग जसं धूसर दिसतं तसं तुम्हाला पडद्यावर दिसतं, तुम्ही काच निवडायची, घासायची, त्याच्या डोळ्यावर बसवायची आणि रस्ता स्पष्ट झाला तर जिंकलात. असा एकूण बेत. घरातल्यांखेरीज हे कोणाला माहीत नव्हतं, आणि कळू नये अशी तिची सक्त ताकीद होती. त्यालाही कारण होतं. दोन वर्षांपूर्वी एक अर्धवट गेम खेळताना तिने वैतागून म्हटलं होतं, "अपुरं काम लोकांसमोर ठेवणं म्हणजे एका काचेचा चष्मा विकणं." ते वाक्य तिच्या पाठीराख्यांना तोंडपाठ आहे.

गुरुवारी चारला ती लाइव्ह आली तेव्हा मी माझ्या ऑफिसच्या जेवणघरात कोपऱ्यात फोन समोर धरून बसले होते.

"चला, खालून वर जाऊ," मावशी म्हणाली. "'मुळं', एकेचाळीस मतं. मला वाटलं होतं जरा जास्त पडतील, चांगला गेम आहे. 'बंदर', सदुसष्ट. क्रेनवाल्यांनो, धीर धरा. आणि एकशे एकोणीस मतं घेऊन 'राखेचं...'"

ती थांबली. तिला चौथी ओळ दिसली होती.

चॅटमध्ये चार दिवस कोंडलेले लोक एकदम सुटले. 'वाचा मावशी वाचा.' 'देऊ नका म्हटलं की देणारच.' 'बिनचेहऱ्याचे काका विजयी.' मी जेवणघरात तोंडावर हात धरला. मलाही ती ओळ सोमवारी दिसली होती. मला वाटलं होतं, तिने मुद्दामच टाकली.

मावशीने चष्मा काढला, बाहीला पुसला, परत घातला. "चाचणी. याला मत देऊ नका," तिने वाचलं. "एकशे पंच्याऐंशी मतं."

'तीन मांजरी' या नावाने लिहिणारी एक जुनी पाठीराखी आहे. तिने लिहिलं, 'मावशी, ती ओळ चुकून राहिली असणार. सोडा. दुसऱ्या नंबरचा गेम घ्या, कोणी काही म्हणणार नाही.' त्याखाली लगेच कोणीतरी लिहिलं, 'बर्फ आठवतोय ना?'

कोणी काही म्हणालं नसतं, हे खरं होतं. एवढ्या सोप्या पळवाटेवर लोक स्वतःहून दिवा धरून उभे होते.

"चूक माझी," मावशी म्हणाली. "मतं तुमची. ते चित्र कशाचं आहे, ते उद्या चार वाजता सांगते." आणि तिने कॅमेरा बंद केला. नेहमी ती आधी सगळ्यांना 'सावकाश जा' म्हणते. ते राहिलं.

ऑफिस सुटल्यावर मी थेट तिच्याकडे गेले. काका नुकतेच कामावरून येऊन दाराशी बूट काढत होते आणि मावशी कमरेवर हात ठेवून समोर उभी होती.

"तुम्हाला माहीत होतं?" ती विचारत होती.

"सोमवारीच कळलं."

"आणि बोलला नाहीत?"

"घरात मतदानावर बोलायचं नाही, नियम तुझा. मला वाटलं, शेवटी हिने मनावर घेतलं. वर 'देऊ नका' लिहिलंय म्हणजे लाजली असेल."

"मी कधी लाजले?"

"तेच म्हटलं मी. नवलच वाटलं मला."

"तुम्ही मत कोणाला दिलंत?"

काका बुटाच्या नाडीची गाठ सोडवत राहिले. "मत गुप्त असतं."

मावशी माझ्याकडे वळली. "आणि तू?"

"माझंही गुप्त असतं," मी म्हटलं.

"घरातच सगळे फितूर," असं म्हणून तिने चहा टाकला. चहा घेऊन ती मागच्या खोलीत गेली, आम्हीही गेलो. तिने गेम उघडला. बिनचेहऱ्याचे काका खुर्चीत बसलेलेच होते.

"अडचण अशी आहे," ती म्हणाली. "हे दाखवलं नाही तर दिलेला शब्द मोडतो. दाखवलं तर एका काचेचा चष्मा मीच विकायला काढला असं होतं. आणि वर हे चालतसुद्धा नाही धड. पहिल्या तीन गिऱ्हाइकांना दिसतं. चौथीला दिसत नाही. काच बरोबर, नंबर बरोबर, पण बाई म्हणते अजून धूसर. आठ महिने झाले, मला सापडत नाहीये."

"मग सांग की चाचणीची ओळ होती," मी म्हटलं. "तर्काने ती बादच धरतात."

"तर्काने सांग बरं. एकशे पंच्याऐंशी माणसांनी नेमकं काय निवडलं?"

"चाचणी."

"आणि तुमच्याकडे चाचणी म्हणजे नेमकं काय करतात?"

"अपुरी वस्तू लोकांच्या हातात देतात आणि काय काय मोडतं ते बघतात."

मावशी माझ्याकडे बघत राहिली. कारखान्यात काचेवर बोट फिरवताना ती अशीच बघत असणार. "म्हणजे त्यात विकणं कुठेच येत नाही," ती म्हणाली.

"नाही येत."

"लिफ्टचंही तसंच आहे," काका दारातून म्हणाले. "आधी वाळूची पोती भरून खाली-वर करतो. माणसं नंतर."

"माझे एकशे पंच्याऐंशी पाठीराखे पोती आहेत का?"

"मी त्यातलाच एक आहे," काका म्हणाले, आणि मत कुठे पडलं होतं ते त्यांच्या तोंडून निघून गेलं.

ती हसली. बस्स, तिथे निर्णय झाला. मी सुचवलं की एक-दोन आठवडे मागून घे, चौथ्या गिऱ्हाइकाची भानगड निस्तर, मग दाखव. तिने मान हलवली. "उद्या चार म्हटलंय. आणि मी दुसऱ्यांचे गेम कसे खेळते? आधी बघते. हा मी अजून एकदाही तसा खेळलेच नाहीये. नुसती आतून उसवत बसलेय."

शुक्रवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि काकांसोबत त्या गाद्यांच्या खोलीबाहेर, स्वयंपाकघराच्या टेबलाशी फोन लावून बसले. चार वाजता मावशी नव्या खुर्चीत दिसली. तिने लांबण लावली नाही. हा गेम मी बनवलाय, अपुरा आहे, दोन वर्षांपूर्वी मी काय बोलले होते ते मला आठवतंय आणि ते मी मागे घेत नाही. हे विकायला काढलेलं नाही, तपासायला काढलंय. जिथे मोडेल तिथे सांगा. एवढं बोलून ती पहिल्या गिऱ्हाइकाकडे वळली.

आणि मग ती खेळली, जशी नेहमी खेळते तशी. टेबलावरचं एकेक हत्यार दाखवलं. चाकाचा आवाज ऐकवला, जो तिने कारखान्याच्या शेवटच्या दिवशी रेकॉर्ड करून आणला होता. "हा आवाज जाड झाला की समजायचं काच जास्त दाबली जातेय." खिडकीतला धूसर रस्ता, चिठ्ठीवरचे नंबर, काच, दुसरी काच. रस्ता हळूहळू उघडला, पलीकडच्या दुकानाची पाटी वाचता आली आणि पडद्याच्या खाली अक्षरं उमटली: 'दिसलं.'

चॅटमध्ये 'घड्याळजी' नावाच्या माणसाने विचारलं, 'यांना चेहरा का नाही?'

"कारण मला माहीत नाही तो कसा असतो," मावशी म्हणाली. "सतरा वर्षांत माझ्याकडे ट्रे आले. माणूस एकही आला नाही. मी किती हजार लोकांच्या नाकावर बसलेय, पण नाक एकही पाहिलेलं नाही."

दुसरं गिऱ्हाईक झालं, तिसरं झालं. चौथी बाई येऊन बसली, उंच, हातात पिशवी. स्वयंपाकघरात काकांनी खुर्ची पुढे ओढली.

"हिचे दोन डोळे दोन नंबरचे," मावशीने चिठ्ठी वाचली. "उजवा दीड, डावा चार. ही उजवी काच, उजवीकडे बसवू. ही डावी, डावीकडे." रस्ता तसाच राहिला. खाली अक्षरं आली: 'अजून धूसर आहे.'

'मावशी, बाई खोटं बोलतेय,' कोणीतरी लिहिलं. 'डॉक्टर बदला.' 'मलाही माझ्या चष्म्यातून असंच दिसतं, तो तुम्हीच बसवला होता का?'

"तुमचा चष्मा बरोबर होता, नजर वाकडी असेल," मावशीने परतफेड केली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. घाई नाही, वैताग नाही. काच उचलली, मोठ्याने नंबर वाचला, उजवी उजवीकडे. 'अजून धूसर आहे.' तिसऱ्यांदा. बघणारे दोन हजारांवर गेले होते.

तेव्हा 'दाढदुखी' नावाचा एक माणूस, जो कधी फारसा लिहीत नाही, त्याने लिहिलं, 'मावशी, कोणाची उजवी?'

"म्हणजे?"

'मी दाताच्या दवाखान्यात असतो. ती बाई तुमच्यासमोर बसली आहे. तिची उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला येते. आमच्याकडे नवीन लागलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात इथेच गोंधळतो. मी तर चुकीच्या बाजूच्या दाढेचा फोटो काढला होता.'

पुढचं दीड मिनिट ज्यांनी पाहिलं ते अजून त्याबद्दल बोलतात. मावशीने नाकावरचा स्वतःचा चष्मा काढला आणि दोन्ही हातांत धरला. काड्या स्वतःकडे, काचा पलीकडे, जशी सतरा वर्षं प्रत्येक फ्रेम टेबलावर धरली तशी. अशी धरली की उजवी काच उजव्या हाताला येते. मग तिने तो चष्मा हळूच फिरवला आणि समोर कोणी बसलंय असा हवेत पुढे केला. उजवी काच डाव्या हाताला गेली.

"पहिल्या तिघांचे दोन्ही डोळे एकाच नंबरचे होते," ती अखेर म्हणाली. "म्हणून त्यांना दिसलं. अदलाबदल झाली तरी त्यांचं काही बिघडत नव्हतं."

कारखान्यात ती कधी चुकली नव्हती. तिथे चष्मा ती आतून धरायची, घालणाऱ्याच्या बाजूने. समोर माणूस बसवला तो तिने या गेममध्येच, पहिल्यांदा, आणि हातांची सवय मात्र ट्रेचीच राहिली. आठ महिने ती प्रोग्रॅममधली अवघड गणितं उलटीपालटी करत होती. चूक गणितात नव्हतीच. चूक माणूस कुठे बसतो यात होती.

"थांबा हं," असं म्हणून तिने सगळ्यांसमोर प्रोग्रॅम उघडला, पडद्यावर फ्रेमच्या दोन बाजूंना दिसणाऱ्या 'उजवी' आणि 'डावी' या दोन पाट्या एकमेकींच्या जागी टाकल्या आणि पुन्हा खेळ सुरू केला. बाई येऊन बसली. मावशीने उजवी काच उचलली, हात सवयीने उजवीकडे निघाला, मध्येच थांबला आणि डावीकडे गेला. रस्ता उघडला. पिशवीवरचं शिवणकामसुद्धा दिसायला लागलं.

'दिसलं.'

स्वयंपाकघरात काकांनी टेबलावर थाप मारली आणि माझा उरलेला चहा सांडला. गाद्यांमुळे तो आवाज आत गेला नाही.

"करार तोच," मावशी कॅमेऱ्याला म्हणाली. "तुम्ही निवडलंय, मी संपवणार. दर शनिवारी चार वाजता, तुमच्यासमोर, यात जेवढी गिऱ्हाइकं उरलीत तेवढी. दाढदुखी, तुम्ही पुढच्या शनिवारी गैरहजर राहायचं नाही. सावकाश जा सगळे."

त्याला तेरा महिने लागले. 'राखेचं राज्य'वाल्या एकशे एकोणीस जणांपैकी काही रुसले, बरेचसे राहिले. क्रेनवाल्यांतल्या एकाने चाकाचं चित्र दुरुस्त करून पाठवलं. आणि चेहऱ्यांचा प्रश्न मावशीने तिच्या पद्धतीने सोडवला. ती कारखान्याच्या जुन्या मालकाकडे गेली आणि त्याच्या चष्म्यांच्या दुकानात काउंटरच्या बाजूला बसू द्या म्हणाली. त्याला वाटलं ती काम मागायला आली. तो यंत्रावरची जागा पुन्हा देऊ करत होता, तर ही म्हणाली, जागा नको, स्टूल द्या. चार दिवस तिथे बसून तिने नवीन चष्मा पहिल्यांदा नाकावर चढवणारी माणसं पाहिली. वहीत लिहून घेतलं. परत आली तेव्हा तिला एक गोष्ट मिळाली होती जी तिला सतरा वर्षांत कोणी सांगितली नव्हती. चष्मा घातल्यावर तिथली बरीच माणसं समोरचा आरसा आधी बघत नव्हती, पाटी बघत नव्हती. ती आधी स्वतःचे हात बघत होती.

तेव्हापासून गेममधली गिऱ्हाइकं तसं करतात. काच बसली की मान खाली जाते, हात उलटे-सुलटे होतात, मग चेहरा वर येतो आणि मग खिडकी उघडते. गेमचं नाव बदलायला पाठीराख्यांनी साफ नकार दिला. ते 'याला मत देऊ नका' असंच आहे.

गेम पूर्ण झाला त्या शनिवारी आजोबा आले होते. मावशीने त्यांना नव्या खुर्चीत, 'फक्त सहा माणसे' या पट्टीखाली बसवलं आणि हातात माउस दिला. आजोबांनी आधी टेबल पाहिलं, मग भिंत, मग टेबलावरची हत्यारं एकेक करून. हात लावायला त्यांना दहा मिनिटं लागली. ती सवय मावशीने कुठून उचलली ते मला त्या दिवशी कळलं.

पहिलं गिऱ्हाईक येऊन बसलं. आता त्याला चेहरा होता. आजोबा पुढे वाकले.

"हा मी आहे का?"

"नाही हो बाबा. दुकानात आले होते एक गृहस्थ."

"नाक माझं आहे."

"असेल. नाकं मिळतीजुळती असतात."

आजोबांनी चिठ्ठी वाचली, काच घासली, आवाज जाड झाल्यावर हात सैल केला. काच त्यांनी पहिल्याच फटक्यात बरोबर बाजूला बसवली. पडद्यावरच्या म्हाताऱ्याने मान खाली घालून स्वतःचे हात पाहिले, तळवे पाहिले, मग वर बघितलं. आजोबांनी माउस टेबलावर दोनदा आपटला.

"पुढचं गिऱ्हाईक कुठाय? पाठव की."